भाऊजींचं भिंग

साऱ्या बडोद्यात माल न विकण्यासाठी दुकान उघडलेला माणूस एकच आहे, आणि तो आमच्या ताईचा नवरा आहे. म्हणजे माझे भाऊजी. निजामपुऱ्याच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं जनरल स्टोअर लागतं. दोन्ही बाजूंना गुजराती दुकानदार, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत "आवो बेन, शुं आपुं?" म्हणत पुढे होणारे. मधोमध आमचे भाऊजी. हातात भिंग, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि 'तुम्हाला ही वस्तू खरंच हवी आहे का?' असं विचारणारा चेहरा. एकदा माझ्यादेखत एका बाईने डांबराच्या गोळ्या मागितल्या. समोर बरणी गच्च भरलेली, आणि भाऊजी जागचे हलेनात. बाई म्हणाली, "काका, आ तमे नथी राखता?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "राखुं छुं, बेन. वेचतो नथी." ठेवतो, पण विकत नाही! मग त्यांनी तिला ते का ठेवतात आणि का विकत नाहीत हे इतकं सविस्तर समजावलं, की बाईचा रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून तिसऱ्यांदा स्वतःच आत आला. बाई शेवटी शेजारच्या दुकानातून गोळ्या घेऊन गेली. मी म्हटलं, "भाऊजी, मग काय मिळवलंत?" तर म्हणाले, "बरणी नसती तर ती माझं न ऐकता शेजारून घेऊन गेली असती. आज ऐकून घेऊन गेली."

ह्या माणसाला दुकानाची बुद्धी कशी झाली ते आधी सांगायला हवं. तीस-बत्तीस वर्षं भाऊजी मकरपुऱ्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात होते. कापड रंगवायचे रंग तिथे बनत. सकाळी कंपनीची बस, हातात डबा, आणि दिवसभर प्रयोगशाळा. पिंपातून चमचाभर रंग काढायचा, तपासायचा, ठीक असला तर पिंपावर सही करायची, की पिंप चाललं बाहेर. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीची मंडळी चारधामला गेली, कुणी नातवंडांकडे गेली. भाऊजींनी फंडाचे पैसे काढून दुकानाचा गाळा घेतला. आम्ही सगळे हादरलो. हिशेबात ढ, गोड बोलण्यात त्याहून ढ, हे दुकान चालवणार? तेव्हा ते मला म्हणाले होते, "शालकमहाशय, आयुष्यभर पिंपांवर सह्या केल्या. पिंपं कुठे जातात, कुणाच्या अंगाला लागतात, एकदाही विचारलं नाही. आता दुसऱ्या टोकाला बसून विचारणार आहे." मला ते 'शालकमहाशय' म्हणतात. लग्नात थट्टेने म्हणाले होते, ते तसंच राहिलं. बाकी थट्टा त्यांनी आयुष्यात दुसरी केल्याचं मला आठवत नाही.

दुकानाची मांडणीही तशीच. इतरांकडे साबणाच्या शेजारी बिस्किटं, उदबत्तीच्या शेजारी चहा, आणि घरी आल्यावर चहाला मोगऱ्याचा वास. भाऊजींकडे खायची वस्तू एका भिंतीला, अंगाला लावायची दुसऱ्या भिंतीला, आणि फिनेल, ॲसिड, मुंग्यांचा खडू असलं सगळं खाली, दाराजवळ, कुलपात. त्याशिवाय तीन पाट्या, त्यांच्या स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, मराठी आणि गुजरातीत. पहिली 'खुशाल घ्या'. दुसरी 'विचारून घ्या'. तिसरी नुसती 'नको'. हे 'नको'चं काचेचं कपाट म्हणजे दुकानातली सर्वांत देखणी गोष्ट! आत गोरं करणारी क्रीमं, काळी मेंदी, झगझगीत रंगांची खेळणी, अत्तराच्या वासाची खोडरबरं, आणि प्रत्येकाखाली पोस्टकार्डाच्या आकाराचं एक कार्ड, त्यात काय आहे आणि त्याने काय होतं ते लिहिलेलं. शाळा सुटली की पोरं त्या कपाटाला नाक लावून उभी राहत. विक्रीच्या मालाकडे कुणी ढुंकून बघत नसे. ताई म्हणे, "ह्यांचं दुकान नाही, म्युझियम आहे. तिकीट लावलं तर चार पैसे तरी सुटतील."

कंपन्यांचे सेल्समन भाऊजींना टरकून असत. नवा पोरगा टाय लावून यायचा, बारावर एक फुकट अशी स्कीम सांगायचा, तोंडभर हसायचा. भाऊजी बाटली उलटी करून भिंग लावायचे आणि त्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागायचे. मधेच थांबून विचारायचे, "हे काय आहे?" पोराला काय ठाऊक! तो म्हणे, "सर, बेस्ट क्वालिटी आहे." भाऊजी म्हणत, "ते मी विचारलं नाही. हे काय आहे?" शेवटी त्याच्याकडून एक कागद मागत, 'आमच्या मालात खालील गोष्टी नाहीत' असा, साहेबाच्या सहीचा. त्या कागदासाठी त्यांनी कंपन्यांना किती पत्रं पाठवली असतील त्याला गणती नाही. काही उत्तरंही आली. एका कंपनीने आभार मानून भिंतीवरचं कॅलेंडर पाठवलं. दुसरीने दिवाळीचं शुभेच्छापत्र. भाऊजींनी कॅलेंडरच्या शाईचा वास घेतला आणि ते गॅलरीत टांगलं. पुढे मला कळलं, की एक वयस्कर एजंट आपल्याकडच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी मुद्दाम इथेच पाठवतो. म्हणतो, त्या काकांपुढे अर्धा तास टिकलास तर कुठेही टिकशील.

वास घेणं ही तर त्यांची खोडच. प्रयोगशाळेत असताना नाक तयार झालेलं, ते निवृत्त व्हायला तयार नव्हतं. माझ्या नातीच्या बारशाला आत्याबाईंनी सुरेख लाल खुळखुळा आणला. भाऊजींनी तो उचलला, हुंगला, नखाने रंग खरवडला आणि सरळ खिशात टाकला. आत्याबाईंचा चेहरा बघवेना. मी पाऊसपाण्यासाठी नवा रेनकोट घेतला, तर दारातून आत येता येता म्हणाले, "हा दोन दिवस बाहेर वाळत घाला, मग अंगात घाला." पुतणीच्या लग्नात, भर मांडवात, चारचौघांत मला विचारलं, "शालकमहाशय, कानामागे खाज येते का हो? केसांना लावता त्याने येते." झालं! आठ वर्षं मी केस रंगवतो हे फक्त मला आणि न्हाव्याला ठाऊक होतं, ते वरपक्षापर्यंत पोचलं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "तुझं काय घेऊन बसलास? आमच्या लग्नात ह्यांनी माझ्या शालूचा वास घेतला होता."

आणि खरं बोलणं! गोड खोटं म्हणून जे काही असतं, ज्यावर आपली सगळ्यांची नाती चालतात, ते ह्या माणसाजवळ नावालाही नाही. मला कावीळ झाली तेव्हा सगळे येऊन 'बरा दिसतोस' म्हणत होते. भाऊजी आले, खिडकीचा पडदा सरकवला, उजेडात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा पिवळे दिसताय." बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी नंतर तक्रार केली तर म्हणाले, "जे आहे ते आहे. कमी करून सांगितल्याने कमी होतं का?" दुकानातही हेच. गिऱ्हाईक विचारी, "काका, चालशे ने?" चालेल ना, एवढंच. दुसरा कुठलाही दुकानदार 'दोडशे!', चालेल काय, धावेल, म्हणून मोकळा झाला असता. भाऊजी म्हणत, "चालेल असं मी म्हणणार नाही. लिहिलंय ते वाचून दाखवतो."

असं असूनही दुकान चाललं, ही बडोद्याची मोठी माणुसकी! नुसतं चाललं नाही, हळूहळू त्याचं नाव झालं. नव्या आया यायला लागल्या. तान्ह्या मुलाचं तेल, पावडर, दात येताना चावायची रबरी कडी, काय घ्यावं, काय नको. फतेगंजच्या मिलिटरी लाइनीतून एक पंजाबी बाई दर महिन्याला न चुकता स्कूटीवरून यायची. आजूबाजूच्या सोसायट्यांत 'त्या काकांकडचं आहे' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. भाऊजींना ह्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. मला कैकदा म्हणाले असतील, "ह्या उंबऱ्यातून कुणाला अपाय होईल अशी वस्तू बाहेर जाणार नाही. एवढं एक मी करतो."

फक्त दुकानाच्या एका कोपऱ्यावर त्यांचं राज्य नव्हतं. तिथे ताई बसे. पूजेच्या सामानाचा कोपरा. वाती, कापूर, जानवी, अष्टगंध, हळद आणि कुंकू. हा सगळा माल जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून यायचा, भाऊजींच्या आईच्या वेळेपासून घर त्याच्याकडचंच कुंकू वापरत होतं. त्या कोपऱ्यात भिंग कधी गेलं नाही. भाऊजी म्हणत, "तिकडे देवाचं आहे, तिकडे मी बघत नाही." दरवर्षी संक्रांतीला ताईचं हळदीकुंकू दणक्यात व्हायचं. बडोद्यातली मराठी घरं आपली हौस कशात भागवत असतील तर ती हळदीकुंकवात! रेल्वेतल्या, रिफायनरीतल्या, जुन्या संस्थानी घराण्यातल्या, सगळ्या बायका यायच्या, आणि आता सोसायटीतल्या गुजराती बायकाही हौसेने यायच्या. मागच्या संक्रांतीला ताईने वाण म्हणून छोटे पितळी करंडे लुटले. एकसष्ट करंडे. प्रत्येकात आपल्या दुकानातलं लालभडक कुंकू भरून.

आता पुढचं जे झालं त्याला मी कारण झालो, आणि तेही निव्वळ चेष्टेपायी. रथसप्तमी होऊन गेली होती. मी असाच दुपारचा दुकानात जाऊन बसलो होतो. भाऊजी एका लिपस्टिकला भिंग लावून तिची अब्रू काढत होते. ताई जेवायला घरी गेलेली. तिच्या कोपऱ्यात कुंकवाची पाच किलोची पिशवी होती, पारदर्शक प्लॅस्टिकची, वर देवीचं चित्र, बाकी अक्षर म्हणाल तर शपथेला नाही. मला लहर आली. मी ती पिशवी त्यांच्यासमोर ठेवली आणि त्यांच्याच आवाजात म्हटलं, "हे काय आहे?"

"कुंकू आहे," भाऊजी म्हणाले.

"ते मी विचारलं नाही. हे काय आहे?"

"शालकमहाशय, देवाची थट्टा नको," असं म्हणत ते हसले आणि पुन्हा लिपस्टिककडे वळले. मग थांबले. पिशवी जवळ ओढली, उलटी केली, पालटी केली. भिंग लावायला काही लिहिलेलंच नव्हतं. मग त्यांनी चिमूटभर कुंकू तळहातावर घेतलं, वास घेतला, जिभेने बोट ओलं करून कागदावर ओढलं, आणि त्या रेघेकडे इतका वेळ पाहत राहिले की मलाच अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अहो, चेष्टा केली हो." त्यांनी कागदावर दुसरी रेघ ओढली.

तेवढ्यात ताई आली. नेहमीसारखी, रुपयाएवढं कुंकू लावून. भाऊजी तिला म्हणाले, "जरा कपाळ पूस."

ताई जागच्या जागी उभी राहिली. "भलतं काय बोलता? भरल्या दुकानात?"

"पूस गं. मला बघायचंय."

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की ताईने पदराने कपाळ पुसलं. खाली काळसर डाग होता. अगदी गोल, कुंकवाच्या मापाचा, मधे जास्त काळा आणि कडेला तपकिरी. भाऊजींनी तिला दाराशी उजेडात आणलं आणि भिंग लावलं. विचारलं, "किती दिवस आहे हा?"

"झाली चार-पाच वर्षं," ताई म्हणाली. "आधी नुसती खाज यायची. मग डाग पडला. तो दिसू नये म्हणून तर हल्ली मोठं लावते."

"मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही कामात असता," ताई म्हणाली. तिला त्यात काही टोचून बोलायचं नव्हतं, ती आपली सरळच बोलली. पण मला स्वतःला चपराक बसल्यासारखं झालं. सख्खी बहीण! दर आठवड्याला भेटते, आणि तिचं कुंकू मोठं होत चाललंय हे मला दिसलं नव्हतं. भाऊजींनी तर गावातल्या यच्चयावत बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली होती.

ते त्याच पावली कुंकवाची पुडी घेऊन जुन्या कारखान्यात गेले. त्यांच्या हाताखालचा माणूस आता तिथे प्रयोगशाळेचा प्रमुख आहे, त्याने तपासून दिलं. दोन दिवसांनी कळलं. कुंकवात हळद औषधालाही नव्हती. कापड रंगवायचा रंग होता, आणि वर शिसं. भाऊजी व्यापाऱ्याकडे गेले, मीही सोबत होतो. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं तुमच्या घरी माल जातो, आजपर्यंत कोणी विचारलं नाही." परत येताना स्कूटरवर माझ्या पुढे बसलेले भाऊजी एवढंच म्हणाले, "रंग ओळखीचा आहे. माझ्यासारख्याच कुणीतरी पिंपावर सही केली असणार. कापडासाठी ठीक होता तो."

शेजारच्या दुकानदाराने, अगदी भल्या मनाने, सल्ला दिला, "काका, छानामाना फेंकी दो. कोने खबर पडवानी?" गुपचूप टाकून द्या, कुणाला कळणार आहे! मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचं नाव एका दिवसात मातीला मिळणार. पण भाऊजींनी संध्याकाळी दुकानाच्या दारात फळा लावला. 'ह्या दुकानातून नेलेलं कुंकू परत आणून द्यावं. त्यात विषारी रंग आहे. चूक दुकानदाराची.' दोन भाषांत, त्याच सुवाच्य अक्षरात. फळा पुसून टाका म्हणून मी गयावया केली, तर म्हणाले, "जे आहे ते आहे."

राहिले ते एकसष्ट करंडे. ताई म्हणाली फोन करू. भाऊजी म्हणाले, कारखान्यात एक पिंप खराब निघालं तर त्या घाण्यातलं प्रत्येक पिंप परत आणायचं असतं, मोजून, फोनवर होत नाही ते. ताई हबकली. "अहो, सवाष्णीच्या घरातून कुंकू परत मागणार? दिलेलं वाण परत घेणार? दारात तरी उभं करतील का आपल्याला?" हा प्रश्न मात्र खरा होता. ह्यावर कुठल्याच प्रयोगशाळेत उत्तर नव्हतं. रात्रभर विचार करून ताईच सकाळी म्हणाली, "मी येते बरोबर. तुमचं भिंग बघून कुणी ऐकायचं नाही. माझं कपाळ बघून ऐकतील."

त्वचेच्या डॉक्टरांनी तिला काही महिने कपाळाला काहीही लावायचं नाही असं बजावलं होतं. तेव्हा निघाली दोघं स्कूटरवर. पहिलंच घर कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींचं. भाऊजी स्कूटर सावलीत लावायला मागे राहिले आणि ताईने बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. समोर ताई, कपाळ मोकळं, चेहरा उतरलेला, तोंडातून शब्द फुटत नाही. आजींनी जो हंबरडा फोडला! "अगं बाई गं, कधी झालं गं हे!" असं म्हणत ताईला मिठी मारून रडायलाच लागल्या. आतून सून धावत आली, तीही रडायला लागली. ताई सांगायचा प्रयत्न करते आहे, पण आजी तिचं तोंड पदराने पुसतायत. आणि तेवढ्यात पायरीवरून हेल्मेट काढत भाऊजी वर आले आणि म्हणाले, "मी विषारी कुंकू विकलं, ते परत न्यायला आलोय." आजी मटकन खालीच बसल्या.

पण समोरच्या खिडकीतून हे पाहणाऱ्या बाईला पुढचा भाग दिसला नाही. तिने फोन फिरवले. अर्ध्या तासात मला तीन फोन आले. मी नुकतं भाऊजींशी बोललो होतो, म्हणून बरं, नाहीतर मीच आडवा झालो असतो. शेजारच्या त्या भल्या दुकानदाराने रडक्या आवाजात विचारलं, "केटला वागे काढवाना छे?" किती वाजता काढणार! मी म्हटलं, "अहो, आत्ताच काढलेत, स्कूटरवर फिरतायत." त्याला वाटलं मला धक्का बसून भ्रम झालाय. दुपारी भाऊजी दुकानाशी परतले तर दोन्ही बाजूंची शटरं अर्धी खाली. त्यांनी काळजीने विचारलं, "कोण गेलं?" शेजारी त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका... तमे." भाऊजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "अजून नाही." मग त्याला चहा पाजला.

त्यानंतर मात्र ताईने दारात पाऊल ठेवायच्या आधी भाऊजी पुढे उभे राहायला लागले. घरोघर तेच. आधी ताईच्या कपाळाकडे बघून धसका, मग भाऊजींकडे बघून सुटकेचा श्वास, आणि त्या श्वासातच करंडा हातात. जिवंत नवरा शेजारी उभा असल्यावर कुंकू परत देण्यात कुणाला अशुभ वाटणार? काहीजणींनी मात्र ताईला आत नेऊन हळूच स्वतःचंही कपाळ पुसून दाखवलं. तीन-चार जणींना तसाच डाग होता. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं, त्याही मोठं कुंकू लावत होत्या. भाऊजी प्रत्येकीपुढे हात जोडत आणि म्हणत, "माझं चुकलं. मी बघायला हवं होतं." चौथ्या बाईला तर तिचा नवरा म्हणाला, "अगं, हे मला कसं दिसलं नाही?" दहा दिवसांत साठ करंडे आले. एकसष्टावा एका मुलीबरोबर पुण्याला गेला होता. भाऊजींनी तोही कुरियरने मागवला.

आलेलं सगळं कुंकू एका बरणीत सीलबंद करून 'नको'च्या कपाटात ठेवलंय, अगदी वरच्या फळीवर. कुणी सुचवलं होतं विश्वामित्रीत सोडा म्हणून. भाऊजी म्हणाले, नदीने काय पाप केलंय? बरणीखालच्या कार्डावर घटक लिहिलेत आणि त्याखाली एक ओळ आहे: 'हे मी विकलं.' गिऱ्हाइकं थोडी तुटली, खोटं सांगत नाही. काही आली परत, काही नाही आली. फतेगंजची ती पंजाबी बाई येते अजून. पुढे भाऊजींनी घरीच कुंकू करायचा घाट घातला. हळद आणि खायचा चुना. चुना किती घालावा ह्याचे सतरा प्रयोग झाले, स्वयंपाकघराची फरशी अजून पिवळी आहे. अखेर जे जमलं त्याचा रंग विटकरीकडे झुकतो, आणि उन्हाने उतरतो. फारसं कुणी घेत नाही. ताईच्या कोपऱ्यात डबी असते, वर लिहिलेलं: 'हळद, चुना. दुसरं काही नाही.' खाली त्यांची सही. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिलं बोट आपण उमटवायचं, असं त्यांनी ठरवलंय. हे ताईने मला सांगितलं.

परवा सकाळी मी गेलो तेव्हा दुकान नुकतंच उघडलं होतं. दाराशी स्टुलावर ताई बसली होती, मान वर करून, डोळे मिटून. भाऊजी तिच्यापुढे वाकून कपाळाला भिंग लावून बघत होते. आता रोजचं आहे म्हणे हे. शेजारचे दुकानदार बघून न बघितल्यासारखं करतात. ताईने माझी चाहूल ओळखली, डोळे न उघडताच म्हणाली, "बघ रे, एवढ्या वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. आणि आता बघतात ते डाग." मला हसू आलं. आमच्या ताईला नटायची फार हौस होती लहानपणी.

भाऊजी सरळ झाले. भिंग सदऱ्याला पुसत म्हणाले, "कमी झालाय आज."

"खरंच?" ताईने विचारलं.

"बराच कमी झालाय."

मी शेजारीच उभा होतो. चांगला उजेड होता. डाग होता तसाच होता. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही, ते घाईघाईने बिस्किटांचे पुडे लावायला लागले. ताईने डोळे उघडले, त्यांच्या पाठीकडे जरा वेळ पाहिलं आणि पदर सारखा करत म्हणाली, "हो, मलाही वाटतंय." तिच्या कोपऱ्यात, कापराच्या डब्यांशेजारी, हातभर आरसा टांगलेला आहे.